ताशी १४१ किलोमीटर कशासाठी?

३१ जानेवारी १९७२ रोजी न्यूयॉर्कमधल्या लाँग आयलंड रेल रोडच्या मुख्य मार्गावर, वुडसाइड ते जमैका या पट्ट्यात, एक पाहुणी गाडी धावली. ती त्या रेल्वेची नव्हती. ती शहराच्या भुयारी रेल्वेची, म्हणजे सबवेची, ‘आर-४४’ जातीच्या नव्याकोऱ्या डब्यांची होती. तिने ताशी ८७.७५ मैल वेग गाठला. आपल्या मापात सुमारे १४१ किलोमीटर. पुढे काही मोटारी मुद्दाम बंद ठेवून तीच चाचणी घेतली, तेव्हाही ती ताशी ७७ मैलांपर्यंत, म्हणजे १२४ किलोमीटरच्या आसपास, पोहोचली. सबवेच्या डब्यांनी केलेला हा विक्रमच होता.

हा वेग न्यूयॉर्कच्या प्रवाशांच्या वाट्याला मात्र कधीच आला नाही. आज तिथे धावणाऱ्या अगदी नव्या डब्यांची रोजच्या सेवेतली मर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर आहे. थांबे धरून काढलेला सरासरी वेग तर ताशी २८ किलोमीटरच्या घरात रेंगाळतो. त्यातच तिथले जुने प्रवासी ठामपणे सांगतात की पूर्वीच्या गाड्या जास्त पळायच्या. मग पन्नास-साठ वर्षांत डब्यांच्या तंत्रात काही सुधारणा झालीच नाही का? सुधारणा भरपूर झाली, पण ती कमाल वेगाच्या आकड्यात शोधून सापडत नाही.

दोन आकडे

गाडी किती पळते याची उत्तरे दोन असतात. पहिले, ती जास्तीत जास्त किती वेगाने धावू शकते. दुसरे, त्या वेगापर्यंत ती किती लवकर पोहोचते. दुसऱ्याला शास्त्राच्या पुस्तकात त्वरण म्हणतात आणि रस्त्यावर पिकअप. लांब पल्ल्याच्या गाडीला पहिला आकडा महत्त्वाचा. शहरातल्या गाडीला दर मिनिट-दीड मिनिटाने फलाट गाठायचा असतो, त्यामुळे तिचे निम्मे आयुष्य वेग घेण्यात आणि वेग सोडण्यात जाते.

न्यूयॉर्कने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डब्यांसाठी त्वरणाचे एक प्रमाण ठरवले : दर सेकंदाला ताशी अडीच मैल. म्हणजे गाडी सुटल्यावर प्रत्येक सेकंदाला तिचा वेग ताशी चार किलोमीटरने वाढतो आणि दहाव्या सेकंदाला ती ताशी ४० किलोमीटरवर असते. १९६४ साली आलेल्या ‘आर-३२’ डब्यांचे हेच प्रमाण होते, ‘आर-४४’चेही हेच, आणि २०२३ साली सेवेत आलेल्या ‘आर-२११’चेही हेच. मधल्या काळात मोटार बदलली, तिला वीज पुरवणारी यंत्रणा बदलली, ब्रेक बदलले, पण सुटण्याचा जोर तेवढाच राहिला. यामागे इंजिनियरांची हार नाही, हिशेब आहे.

मोटारी किती आणि कुठे

महायुद्धाआधीचे डबे खरोखरच मंद सुटत. न्यूयॉर्कचा पहिला सबवे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाला, तो खासगी कंपनीच्या हाती होता. शहराने स्वतः बांधलेले जाळे १० सप्टेंबर १९३२ पासून धावू लागले, आणि त्यासाठी ‘आर-१’ ते ‘आर-९’ या कंत्राटांतून १७०० हून अधिक डबे घेतले गेले. काळसर, दणकट, छताला पंखे असलेले हे डबे १९७७ पर्यंत प्रवासी नेत होते. प्रत्येक डब्याखाली दोन बोगी, म्हणजे चाकांच्या दोन चौकटी, असत. त्यांपैकी एकाच बोगीत १९० अश्वशक्तीच्या दोन मोटारी बसवलेल्या होत्या. दुसरी बोगी नुसती मागे ओढली जाई.

१९४८ साली ‘आर-१०’ डबे आले. त्यांत १०० अश्वशक्तीच्या चार मोटारी होत्या, प्रत्येक आसाला एक. बेरीज करून पाहा : आधी ३८० अश्वशक्ती, आता ४००. शक्ती नावालाच वाढली. तरी ‘आर-१०’ सुटताना जो झपाटा दाखवत, तो जुन्या डब्यांना जमत नव्हता.

याचे कारण चाक आणि रूळ यांच्या घर्षणात आहे. गुळगुळीत पोलादी चाक पोलादी रुळावर अगदी कमी विरोधाने फिरते, म्हणून तर रेल्वे इतक्या कमी इंधनात इतके वजन वाहते. पण सुटताना हाच गुळगुळीतपणा आडवा येतो. डब्याला दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद इतके, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, त्वरण द्यायचे तर त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका जोर पुढे लावावा लागतो. चारही आसांवर मोटारी असतील तर प्रत्येक चाकाने आपल्यावरच्या भाराच्या एक दशांश जोर लावला की काम झाले. निम्म्याच आसांवर मोटारी असतील तर त्या चाकांना एक पंचमांश जोर लावावा लागतो. कोरड्या रुळावर तो मिळतो. पावसात, ओलसर किंवा तेलकट रुळावर चाके जागच्या जागी फिरू लागतात. मोठी मोटार बसवून हा प्रश्न सुटत नाही. जोर सगळ्या चाकांत वाटावा लागतो. ‘आर-१०’ने तेच केले आणि पुढच्या बहुतेक जातींनी तो धडा गिरवला.

पिकअप कुठे संपतो

दहाव्या सेकंदापर्यंत दर सेकंदाला चार किलोमीटर हे ठीक. पण मग विसाव्या सेकंदाला ताशी ८० आणि तिसाव्याला १२० का होत नाही?

जुन्या डब्यांत डीसी मोटार असे. न्यूयॉर्कच्या वीजवाहक तिसऱ्या रुळातून ६०० व्होल्टच्या आसपास दाबाची वीज येते. उभ्या मोटारीला हा दाब एकदम दिला तर प्रवाह इतका वाढेल की गुंडाळ्या जळतील. म्हणून सुरुवातीला मोटारी एकामागे एक, एकसर जोडायच्या आणि मध्ये लोखंडी रोधक घालायचे. वेग वाढेल तसे रोधक टप्प्याटप्प्याने काढायचे, मग मोटारी समांतर जोडायच्या आणि पुन्हा तेच. जुन्या गाडीत सुटताना पायाखाली एकामागून एक हलके धक्के बसत, ते या टप्प्यांचे. या काळात बरीचशी वीज रोधकांत तापून वाया जाई आणि ती उष्णता बोगद्यातच राही.

सगळे रोधक निघाले की एक नैसर्गिक मर्यादा पुढे येते. फिरणारी मोटार स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करते. वेग जितका जास्त, तितका हा उलटा दाब जास्त आणि आत शिरणारा प्रवाह कमी. प्रवाह घटला की जोर घटतो. अखेर असा वेग येतो जिथे उरलेला जोर आणि हवा-रुळांचा विरोध सारखे होतात. त्यापुढे गाडी सपाटीवर तसूभरही वेग घेत नाही.

ही मर्यादा थोडी पुढे ढकलण्याची एक युक्ती होती. मोटारीच्या चुंबकक्षेत्राच्या गुंडाळीला समांतर वाट देऊन तिथला काही प्रवाह वळवायचा. क्षेत्र दुबळे झाले की उलटा दाब कमी होतो, पुन्हा प्रवाह शिरतो आणि गाडी वरच्या वेगाला नवा जोर पकडते. या युक्तीला फील्ड शंटिंग म्हणतात. हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे ‘जुन्या गाड्या वेगवान होत्या’ या तक्रारीची मेख इथेच सापडते.

शक्तीच्या बाजूनेही हेच दिसते. ४० टनांच्या डब्याला १ मीटर प्रतिसेकंद-वर्ग त्वरण द्यायचे तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला ४०० किलोवॉट लागतात. ताशी ७२ ला तेच त्वरण टिकवायचे तर ८०० किलोवॉट. ‘आर-१०’ची ४०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३०० किलोवॉट. मोटार काही सेकंद क्षमतेपेक्षा जास्त राबते, पण दुपटी-तिपटीने नाही. त्यामुळे सुरुवातीचा पिकअप कितीही दमदार असला, तरी ताशी ३५-४० किलोमीटरनंतर तो हळूहळू ओसरतो. वाहनाच्या माहितीपत्रकात दिलेले त्वरण हे फक्त या पहिल्या टप्प्याचे असते.

कागद-पेन्सिलीचा हिशेब

आता मॅनहॅटनमधला एक खरा पट्टा घेऊ. ‘ए’ गाडी ही तिथली जलद गाडी. ती ५९व्या रस्त्यावरून सुटते आणि थेट १२५व्या रस्त्याला थांबते. ६६ गल्ल्यांचे हे अंतर सुमारे ५.३ किलोमीटर आहे. त्याच मार्गावरची धीमी गाडी मध्ये सात स्थानके घेते, म्हणजे तिच्या आठ उड्या आणि प्रत्येक उडी सरासरी ६६० मीटरची.

हिशेब सोपा राहावा म्हणून त्वरण आणि ब्रेक दोन्ही १ मीटर प्रतिसेकंद-वर्ग धरू आणि पिकअप शेवटपर्यंत टिकतो असे मानू. प्रत्यक्षात तो ओसरतो, वळणे असतात, म्हणून खऱ्या वेळा याहून जास्त येतात. पण तुलनेला हे पुरेसे आहे.

धीमी गाडी ताशी ५४ किलोमीटरच्या मर्यादेने चालवली तर एक उडी ५९ सेकंदांची होते. मर्यादा ७२ केली तर ५३ सेकंदांची. ९० केली तर ५१ सेकंदांच्या थोडी वर. म्हणजे ५४ वरून ७२ वर जाण्याने सहा सेकंद वाचले आणि तितकीच मोठी दुसरी वाढ करून जेमतेम दीड. ९० चा वेग गाठताच लगेच ब्रेक लावावा लागतो. त्या वेगाने धावायला जागाच उरत नाही.

जलद गाडीचे गणित वेगळे आहे. तिला हे अंतर ताशी ५४ ने ३६८ सेकंद लागतात, ७२ ने २८५ आणि ९० ने २३७. इथे प्रत्येक वाढीला घसघशीत फळ मिळते.

आता वेग ५४ वरच ठेवून त्वरण बदला. ०.६ चे १ केले तर प्रत्येक सुटण्यात पाच सेकंद वाचतात. धीमी गाडी आठ वेळा सुटते, तिचे ४० सेकंद वाचले. जलद गाडी एकदाच सुटते, तिचे पाच.

धीमी गाडी प्रत्येक स्थानकात ३० सेकंद उभी राहते असे धरा. सात स्थानकांचे झाले २१० सेकंद. धावण्याची वेळ आठ गुणिले ५९, म्हणजे ४७२. एकूण प्रवासाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गाडी हलतच नाही. थांबण्याची वेळ दहा सेकंदांनी कमी केली तर ७० सेकंद वाचतात. वेग ५४ वरून ७२ वर नेऊन वाचलेल्या ४८ सेकंदांपेक्षा ही कमाई मोठी, आणि तिला एक युनिटही जास्त वीज लागत नाही.

वेग वाढवण्याची किंमत मात्र मोजावी लागते. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५४ चे ७२ केले की ती पावणेदोन पटींहून जास्त होते. थांबण्यासाठी लागणारे अंतरही त्याच पटीत वाढते. आपल्या सोप्या हिशेबात ५४ ला ११३ मीटर, ७२ ला २०० मीटर, ९० ला ३१३ मीटर. सिग्नल कुठे उभे करायचे हे या अंतरावरून ठरते.

उभा प्रवासी

मग पिकअपच का वाढवत नाहीत? आजची मोटार दर सेकंदाला अडीच मैलांपेक्षा बरेच जास्त त्वरण देऊ शकते. अडचण डब्यात उभ्या असलेल्या माणसाची आहे.

अमेरिकेतल्या ट्राम कंपन्या मोटारगाड्यांच्या स्पर्धेने घायकुतीला आल्या, तेव्हा त्यांनी मिळून नव्या ट्रामच्या संशोधनाचा घाट घातला. संशोधनाचे प्रमुख सी. एफ. हिर्शफेल्ड यांनी हलत्या चौथऱ्यावर माणसांना उभे करून ती केव्हा तोल गमावतात याच्या चाचण्या घेतल्या. १९३२ सालच्या या अभ्यासातून दिसले की त्वरण किती आहे याइतकेच ते किती झटकन लागू होते हेही महत्त्वाचे आहे. जोर हळूहळू चढत गेला तर माणूस बऱ्यापैकी त्वरण सोसतो. एकदम हिसका बसला तर कमी त्वरणातही कोलमडतो.

या संशोधनातून निघालेली पीसीसी ट्राम १९३६ साली ब्रुकलिनच्या रस्त्यावर आली. तिचे त्वरण सेकंदाला पावणेपाच मैलांपर्यंत जाई, म्हणजे आजच्या सबवेच्या जवळपास दुप्पट. ब्रुकलिनच्या बीएमटी या खासगी कंपनीने तेच तंत्र सबवेत आणायचे ठरवले आणि ‘ब्लूबर्ड’ नावाचे हलके, चपळ डबे मागवले. १९४० साली शहराने ती कंपनी ताब्यात घेतली आणि इतर डब्यांशी न जुळणारे हे वाण नको म्हणून मागणीला कात्री लावली. मोजकेच ब्लूबर्ड तयार झाले आणि पंधरा-एक वर्षांत मोडीत निघाले. पिकअपच्या बाबतीत जुने ते नव्याहून सरस असल्याचे हे खरेखुरे उदाहरण आहे, आणि ते ऐंशी वर्षांपूर्वीचे आहे.

शहराने अडीच मैलांवर समाधान मानले. खचाखच भरलेल्या डब्यात, हाताशी दांडी नसलेल्या, हातात मूल किंवा पिशवी असलेल्या माणसाला ते सोसते. शिवाय ओल्या रुळावरही ते बहुधा मिळते.

१९९५ नंतर काय झाले

जुन्या प्रवाशांची तक्रार आता तपासू. त्यातला काही भाग भास आहे. पूर्वीच्या डब्यांच्या खिडक्या उघड्या असत, पंखे घरघरत, बोगद्याचा गडगडाट थेट कानात शिरे. पहिल्या डब्याच्या पुढच्या काचेला नाक लावून रूळ अंगावर धावून येताना पाहता येत. आजचा वातानुकूलित, बंद डबा त्याच वेगाने जात असला तरी सावकाश वाटतो. मात्र तक्रारीचा दुसरा भाग शंभर टक्के खरा आहे.

५ जून १९९५ च्या सकाळी विल्यम्सबर्ग पुलावर ‘जे’ मार्गावरची गाडी पुढे उभ्या असलेल्या ‘एम’ गाडीवर मागून आदळली. मोटरमन ठार झाला, पन्नासहून अधिक माणसे जखमी झाली. त्याने लाल सिग्नल ओलांडला होता. अशा वेळी रुळाशेजारचा लोखंडी हात गाडीखालची खटकी दाबतो आणि आपत्कालीन ब्रेक आपोआप लागतात. तसे ते लागलेही. पण पुढच्या गाडीपर्यंत उरलेले अंतर थांबायला पुरले नाही. तिथल्या सिग्नलांमधली अंतरे १९१८ साली, त्या वेळच्या हलक्या आणि संथ गाड्यांचा विचार करून ठरवलेली होती. गाड्या बदलल्या, सिग्नल जागचे हलले नाहीत.

मैलोगणती सिग्नल हलवणे हे वर्षानुवर्षांचे आणि प्रचंड खर्चाचे काम. तात्काळ उपाय एकच होता : गाड्यांना आवर घालणे. मोटारींचे फील्ड शंटिंग काढून टाकले गेले. सुटतानाचा पिकअप तसाच राहिला, पण वरच्या वेगाला मिळणारा नवा जोर गेला आणि सपाटीवरचा कमाल वेग बराच खाली आला. म्हणजे ‘आर-३२’ डबा १९८५ साली जितका पळत होता, तितका तोच डबा २००५ साली पळत नव्हता. तो म्हातारा झाला होता म्हणून नव्हे, त्याला मुद्दाम रोखले होते म्हणून.

जोडीला वेळमापक सिग्नल वाढले. १९९१ साली युनियन स्क्वेअरजवळ भरधाव गाडी रुळांवरून घसरून पाच माणसे दगावली होती, तेव्हापासूनच त्यांच्याकडे ओढा होता. हा सिग्नल लाल असतो. गाडीने ठरलेले सेकंद त्या टप्प्यात काढले, तरच तो उघडतो. कल्पना चोख आहे, पण वर्षे लोटली तसे काही ठिकाणचे मापक बिघडले आणि फलकावरच्या मर्यादेपेक्षा कमी वेगालाही गाडी अडकवू लागले. लाल सिग्नल ओलांडला की चौकशी मोटरमनच्या मागे लागे. मग ते मर्यादेच्याही बरेच खाली गाडी हाकू लागले, आणि त्यांना दोष कसा देणार?

२०१८ साली अँडी बायफोर्ड यांच्याकडे न्यूयॉर्कच्या वाहतुकीची सूत्रे आली. त्यांनी वेगमर्यादा आणि मापक यांची जागोजागी तपासणी हाती घेतली. बिघडलेले मापक दुरुस्त झाले आणि जिथे सुरक्षितपणे शक्य होते तिथे मर्यादा वाढवल्या गेल्या. एकही नवा डबा न घेता गाड्यांचा वेग वाढवता येतो, हे या खटाटोपातून दिसले.

एसी मोटार आली

१९९३ साली न्यूयॉर्कने दोन प्रायोगिक गाड्या रुळावर आणल्या आणि २००० पासून ‘आर-१४२’ हे नव्या पिढीचे डबे येऊ लागले. यांत त्रिकला एसी मोटारी आहेत. तिसऱ्या रुळातली डीसी वीज डब्याखालच्या इन्व्हर्टरमध्ये तुकडे पाडून एसी केली जाते, आणि तिची वारंवारता वेगाप्रमाणे बदलत नेली जाते. रोधक नाहीत, टप्पे नाहीत, मोटारीत घासणारे कार्बनचे ब्रश नाहीत. ‘आर-१४२’ सुटताना इन्व्हर्टरची वारंवारता पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि तीन सूर उमटतात. ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीत नाटकातल्या ‘समव्हेअर’ या गाण्याच्या सुरुवातीशी ते जुळतात, हे न्यूयॉर्ककरांच्या कौतुकाचा विषय झाले.

या यंत्रणेचा खरा फायदा सुटताना होतो. चाक घसरू लागल्याचे तिला सेकंदाच्या छोट्या अंशात कळते आणि ती लगेच जोर कमी करते. त्यामुळे अडीच मैलांचा आकडा ओल्या दिवशीही टिकतो. जुना डबाही कोरड्या रुळावर तेवढ्याच जोराने सुटायचा. नवा डबा रोज, न चुकता, हिसका न देता तसा सुटतो. ब्रेक लावताना मोटारीच जनित्र बनतात आणि वीज तिसऱ्या रुळात परत सोडतात. जवळ दुसरी गाडी सुटत असेल तर ती गाडी ही वीज वापरते. त्वरण आणि कमाल वेग यांच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही.

दारांचा हिशेब

आता ‘आर-४४’कडे परत जाऊ, कारण त्याची खरी गोष्ट वेगाची नाही, दारांची आहे. हे डबे ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर, वेगासाठी आखले होते. नियोजित सेकंड अॅव्हेन्यू सबवे आणि क्वीन्समधला नवा अतिजलद मार्ग त्यांच्यासाठी बांधायचा होता. १९७५ मध्ये शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि सेकंड अॅव्हेन्यूचे काम थांबले. त्याचा पहिला टप्पा उघडला तो १ जानेवारी २०१७ रोजी. तोवर ते डबे मुख्य जाळ्यातून बाद होऊन काही वर्षे झाली होती. वेगवान गाडी आली, तिला लागणारे लांब, सरळ मार्ग आलेच नाहीत.

पण त्या डब्यांनी आणखी एक बदल आणला. आधीचे डबे ६० फुटी होते. ‘आर-४४’ ७५ फुटी. सहाशे फुटांच्या फलाटावर पूर्वी दहा डबे उभे राहत, आता आठ. डब्याला एका बाजूने दारे चारच. म्हणजे गाडीला पूर्वी ४० दारे होती, ती ३२ झाली. डबे कमी म्हणून खर्च वाचला, पण तेवढीच गर्दी पाचव्या हिश्श्याने कमी दारांतून चढू-उतरू लागली. आपण वर पाहिले की प्रत्येक स्थानकातले जादा सहा-सात सेकंद धीम्या गाडीची वेगातली जवळजवळ सगळी कमाई खाऊन टाकतात.

पुढे न्यूयॉर्क पुन्हा ६० फुटी डब्यांकडे वळले. १० मार्च २०२३ रोजी ‘ए’ मार्गावर सुरू झालेल्या ‘आर-२११’ डब्यांत तर दारच रुंद केले : ५० इंचांचे ५८ इंच. कमाल वेग तोच, त्वरण तेच, आठ इंच दार जास्त. तिथल्या इंजिनियरांनी वेळ कुठे सांडतो हे ओळखले, असे म्हणायला हरकत नाही.

लंडन आणि मुंबई

कमाल वेग न वाढवता वेळ वाचवण्याचा कळस लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनने गाठला. १९६८ पासून तिथे गाड्या स्वयंचलित पद्धतीने धावतात. २००९ च्या सुमारास आलेल्या नव्या गाड्यांचा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर आहे, विक्रम वगैरे काही नाही. पण त्यांचे त्वरण १.३ मीटर प्रतिसेकंद-वर्ग आहे आणि सोबत सिग्नल यंत्रणाही नवी बसवली. मे २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या, म्हणजे दर १०० सेकंदांना एक गाडी, तिथे धावते.

मुंबईनेही डीसीकडून एसीकडे जाण्याचा बदल पाहिला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. २००७ पासून त्रिकला मोटारींचे रेक आले आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गासह सगळे जाळे २५ हजार व्होल्ट एसीवर गेले. जुन्या रेकचे टप्प्याटप्प्याचे हिसके आणि नव्या रेकचा सलग चढणारा सूर ज्यांनी अनुभवला, त्यांना रोधक आणि इन्व्हर्टर यांतला फरक वेगळा समजावायला नको.

मुंबईची पहिली भुयारी मेट्रो, आरे ते कफ परेडची तिसरी मार्गिका, ३३.५ किलोमीटरची आहे आणि तिच्यावर २७ स्थानके आहेत. दोन स्थानकांतले सरासरी अंतर १.३ किलोमीटरच्या आत. आपलेच गणित लावले तर कमाल वेग ताशी ८० ऐवजी ९५ केल्याने एका उडीत जेमतेम पाच सेकंद वाचतात. दारात अडकलेली एक पाठपिशवी तेवढे सेकंद सहज घेते.

म्हणून नव्या गाडीची बातमी वाचताना कमाल वेगाच्या ठळक आकड्यावर थांबू नये. दोन स्थानकांतले अंतर किती, दारे किती आणि किती रुंद, सिग्नल दोन गाड्यांत किती सेकंदांचे अंतर ठेवू देतात, हे विचारावे. जुन्या आणि नव्या डब्यांत सुटण्याचा जोर जवळपास सारखाच आहे आणि कमाल वेग रुळांनी, सिग्नलांनी ठरवलेला आहे. प्रवाशाचा वेळ वाचतो तो दारांत, सिग्नलांत आणि देखभालीत. शहराने आधी पैसे तिथेच घालायला हवेत.